पहारेकरी चुकतो तेव्हा



रोगप्रतिकारशक्ती म्हणजे शरीराचे पहारेकरी, असं आपण वर्गात सांगतो. हे पहारेकरी कधीकधी घरच्यांनाच मारतात, ते मात्र सांगायचं राहतं.

शरीरात कुठेतरी गाठ असते, कधी हाताला लागणारही नाही एवढी. तिच्या पेशींवर अशी काही प्रथिनं असतात जी एरवी मेंदूच्या पेशींवर सापडतात. प्रतिकारशक्ती गाठ ओळखते नि हल्ला करते. पण चोराचा शर्ट निळा, एवढ्याच खुणेवर शोध घेतला तर निळ्या गणवेशातली सगळी पोरं सापडणार! तसा मार मेंदूला बसतो. कॅन्सर मेंदूत पोचलेला नसतो, तरी त्रास मेंदूचा. याला पॅरानिओप्लास्टिक आजार म्हणतात. आजार दुर्मिळ आहे, घाबरू नका.

लहान मुलांतला प्रकार मार्सेल किन्सबोर्न यांनी १९६२ मध्ये मांडला. साधारण १ ते ३ वर्षांचं, छान चालणारं मूल अचानक तोल जाऊन पडतं. बुबुळं चहूकडे भराभर उड्या मारतात, अंगाला झटके येतात, झोप उडते, चिडचिड वाढते. यातल्या जवळपास निम्म्या मुलांच्या पोटात किंवा मणक्याजवळ न्यूरोब्लास्टोमाची गाठ सापडते.

तरुण मुलींमध्ये वेगळंच दिसतं. हुशार मुलगी काही दिवसांत असंबद्ध बोलू लागते, तिला भास होतात, मग फिट येते. जोसेप डालमाउ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये यामागच्या अँटिबॉडी ओळखल्या. काहींच्या अंडाशयात गाठ निघते, पुष्कळांना कसलीच गाठ नसते. आपल्याकडे अशा पोरीला लगेच ‘बाहेरचं लागलंय’ म्हणतात आणि मोलाचे दिवस अंगाऱ्या-धुपाऱ्यात जातात. खरं तर गाठ काढणं, स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन असे उपचार आहेत, आणि ते जितके लवकर तितके बरे.

म्हणून येत असलेली गोष्ट मूल काही दिवसांत विसरलं, तर ‘नाटक करतो’ म्हणू नका. कधीपासून ते तारखेसह लिहा, मोबाईलवर व्हिडिओ काढा; डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही सांगा. गाठ निघालीच, तर आपल्या मनमाडहून पंचवटीने दादर गाठलं की परळचं टाटा रुग्णालय जवळ आहे.

उपचारानंतर मूल शाळेत येतं तेव्हा आपलं काम सुरू होतं. न्यूरोब्लास्टोमा बरा झाला तरी बोलणं, लक्ष, लेखन यांत अनेक मुलं वर्षानुवर्षं मागे राहतात. त्यांना पेपरला जादा वेळ द्या, हस्ताक्षराचे गुण कापू नका.