किरणोत्सर्गातली जनावरे आणि आपण

किरणोत्सर्गाचा विषय निघाला की माझ्या दवाखान्यात दोन प्रकारची माणसे भेटतात. पहिली म्हणतात, "डॉक्टर, ती चेर्नोबिलची भट्टी फुटली, तिथे आता लांडगे आणि हरणे मजेत फिरतात. म्हणजे हे सगळे नुसते बुजगावणेच ना?" दुसरी मोबाईलवर दोन तोंडांच्या वासराचे चित्र दाखवतात आणि विचारतात, "एक्स-रे काढून काढून आमचेही असेच व्हायचे का?"

आपल्या मोहोपाडा-रसायनी भागात धोका नाकाने ओळखायची सवय आहे. उग्र वास आला की बाया पोरांना आत घेतात, खिडक्या लावतात. किरणोत्सर्गाला वास नाही, रंग नाही, डोळ्यांची आगही होत नाही. इंद्रियांनी कळत नाही म्हटल्यावर माणूस चित्रांवर भरवसा ठेवतो, आणि चित्रे कुणीही कशीही जोडतो. म्हणून आज या जनावरांचा प्रत्यक्ष अभ्यास करणाऱ्यांना काय आढळले ते पाहू. दोन तोंडांचे वासरू मात्र आधीच बाजूला ठेवतो. गर्भाची वाढ बिघडली की असे वासरू कुठल्याही गावी, कुठल्याही गोठ्यात जन्मू शकते. त्याला अणुभट्टी लागत नाही.

२६ एप्रिल १९८६ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत संघातली, आजच्या युक्रेनमधली, चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी फुटली. आजूबाजूच्या ३० किलोमीटर टापूतून त्या वर्षी सुमारे १ लाख १६ हजार माणसे हलवली. भट्टीलगतचे पाइनचे रान किरणांच्या माऱ्याने जळाल्यासारखे तांबूस होऊन मेले, त्याला आजही 'तांबडे रान' म्हणतात. तिथले उंदीर, मातीतले किडे यांचीही पहिल्या काही महिन्यांत वाताहत झाली. किरणोत्सर्ग मारतो, आणि मोठ्या मात्रेत लवकर मारतो, याबद्दल कुणाचे दुमत नाही.

मग लांडगे कुठून आले? सीमेपलीकडे बेलारूसमध्ये याच दूषित पट्ट्यात १९८८ साली एक मोठे राखीव क्षेत्र केले गेले. तिथल्या हेलिकॉप्टरमधून केलेल्या मोजण्या आणि बर्फातल्या पावलांच्या नोंदी २०१५ साली प्रसिद्ध झाल्या. सांबराहूनही थोराड असे एल्क, इतर हरणे आणि रानडुकरे यांची संख्या त्या देशातल्या चार स्वच्छ राखीव जंगलांइतकीच निघाली. लांडगे तर सुमारे सातपट. जपानमध्ये २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर ओस पडलेल्या गावांत आपोआप चालणारे कॅमेरे लावले, त्यांत २ लाख ६७ हजारांवर छायाचित्रे मिळाली. रानडुकरे, माकडे, ससे, सगळे त्यांत होते.

यावरून किरणोत्सर्ग जनावरांना मानवतो असे कुणी काढले तर तो चुकला. तिथे शेती थांबली, बंदुका थांबल्या, गाड्या थांबल्या. माणूस उठून गेला, एवढाच त्याचा अर्थ. कर्नाळ्याच्या अभयारण्याशेजारच्या हमरस्त्यावरची वाहतूक कायमची बंद झाली तर तिथली जनावरेही वाढतीलच. आपला रोजचा वावर रानाला केवढा भारी पडतो, हे कळायला अणुभट्टी फुटावी लागली, हे जरा लाजिरवाणेच आहे.

आता दुसरी बाजू. कळप मोठा आहे म्हणजे कळपातले प्रत्येक जनावर धडधाकट आहे असे नव्हे. रानउंदीर वर्ष-दोन वर्षे जगतो. कर्करोगाला पुष्कळदा दहा-वीस वर्षे लागतात, तोवर उंदराच्या कित्येक पिढ्या होऊन जातात. जंगलाची मोजणी करणारा संख्या बघतो. माझ्यासमोर खुर्चीत एकच माणूस बसलेला असतो. त्याला 'शंभरातले नव्वद जगले' हे सांगून पुरत नाही.

एकेक जनावर हातात घेऊन तपासणाऱ्यांची मते जुळत नाहीत. चेर्नोबिलच्या भिंगऱ्यांच्या पिसांत पांढरे ठिपके वाढल्याचे काही पक्षीतज्ज्ञांनी दाखवले. २०११ साली त्यांनीच ४८ जातींचे ५५० पक्षी तपासून, जास्त किरणोत्सर्गाच्या जागी पक्ष्यांचा मेंदू सरासरी ५ टक्क्यांनी लहान असल्याचे मांडले. त्यांच्या मोजमापावर इतर शास्त्रज्ञांनी जोरदार हरकती घेतल्या आहेत. तिथले झाडावरचे बेडूक बाहेरच्या बेडकांपेक्षा काळे आहेत, असे २०२२ साली आढळले. गडद रंगद्रव्य किरणांपासून थोडे रक्षण करते, म्हणून अपघाताच्या वेळी काळे बेडूक जास्त वाचले असावेत असा त्या संशोधकांचा तर्क आहे. २०२४ साली त्याच गटाने या बेडकांचे वय आणि म्हातारपणाचा वेग तपासला, तेव्हा किरणोत्सर्गामुळे पडलेला फरक दिसला नाही. भट्टीजवळच्या भटक्या कुत्र्यांचेही तसेच. ३०२ कुत्र्यांची आनुवंशिक तपासणी २०२३ साली छापून आली आणि लगेच 'अणुकुत्री' म्हणून बोभाटा झाला. ही कुत्री इतरांहून वेगळी निघाली हे खरे. पण डोंगरावरच्या एकाकी वाडीतली कुत्रीही आपसांत पैदास होऊन पाच-पंचवीस पिढ्यांत वेगळी दिसू लागतात.

सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट मला उंदरांची वाटते. १९९६ साली 'नेचर' या नामांकित नियतकालिकात एक निबंध आला. चेर्नोबिलच्या रानउंदरांत आनुवंशिक बदलांचा वेग प्रचंड वाढला आहे, असा त्यात दावा होता. त्याच शास्त्रज्ञांनी पुढे नमुने स्वयंचलित यंत्रावर पुन्हा तपासले, तेव्हा तो निष्कर्ष टिकेना. १९९७ साली त्यांनी निबंध स्वतःहून जाहीरपणे मागे घेतला. पहिली बातमी जगभर झाली. दुसरी किती जणांनी वाचली असेल?

एवढे मतभेद का, तर मात्रा मोजणे अवघड असते. दूषित रान सगळीकडे सारखे दूषित नसते, एका बांधावर जास्त तर पलीकडच्या बांधावर नगण्य. शिवाय जमिनीवर यंत्र धरून येणारा आकडा वेगळा आणि जनावराच्या पोटात जाते ते वेगळे. जर्मनीतल्या रानडुकरांच्या मांसात सीझियम वर्षानुवर्षे कमी होईना. २०२३ साली कारण स्पष्ट झाले. ती डुकरे हिवाळ्यात जमीन उकरून एक प्रकारची अळंबी खातात. सीझियम पावसाबरोबर हळूहळू खाली मुरून त्या अळंबीपर्यंत पोहोचत राहते. त्यातही बराच वाटा चेर्नोबिलचा नव्हे, १९५०-६० च्या दशकांतल्या अणुबाँब चाचण्यांचा निघाला.

हे आपल्यापासून फार दूरचेही नाही. आपली पाताळगंगा ज्या धरमतरच्या खाडीकडे जाते, तिचे पाणी पुढे मुंबई बंदराला मिळते. त्या बंदराच्या काठी ट्रॉम्बेला १९५६ पासून अणुभट्ट्या आहेत. म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ तिथला गाळ, मासळी आणि शिंपल्यांतले जीव तपासत आले आहेत. शिंपल्यातला जीव दिवसभर पाणी गाळून खातो, त्यामुळे पाण्यात जे थोडे असेल ते त्याच्या अंगात साठते. पाणी तपासण्यापेक्षा कधीकधी तोच खरी साक्ष देतो.

माणसांत हा पोटातला मार्ग किती महाग पडला, ते चेर्नोबिलच्या मुलांनी दाखवले. किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडले, गाईने ते खाल्ले, दुधातून ते मुलांच्या गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत गेले. अपघाताच्या वेळी १८ वर्षांखाली असलेल्यांत २००५ पर्यंत थायरॉईडच्या कर्करोगाचे ६ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. वेळेवर उपचार मिळाल्याने त्यांतले बहुतेक वाचले, १५ दगावले. पहिले काही आठवडे ते दूध बंद ठेवले असते तर यांतले पुष्कळ रुग्ण टळले असते.

उलट टोकाला केरळचा किनारा आहे. कोल्लम जिल्ह्यात करुनागपल्लीकडच्या वाळूत मोनाझाइट आणि त्यात थोरियम असते. साऱ्या जगात निसर्गतःच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलीसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. या किनाऱ्यावर नुसत्या जमिनीतूनच सरासरी ४ आणि काही जागी ४५ मिलीग्रेपर्यंत मिळतो. (या किरणांपुरते मिलीग्रे आणि मिलीसीव्हर्ट सारखेच समजा.) १९६० च्या दशकात ग्रूनेबर्ग या आनुवंशिकीतज्ज्ञांच्या गटाने तिथले घरउंदीर पकडून त्यांची हाडे व दात बारकाईने मोजले. पिढ्यान्‌पिढ्या त्या वाळूवर राहूनही बाहेरच्या उंदरांपेक्षा लक्षणीय फरक दिसला नाही. पुढे माणसांचीही पाहणी झाली. सुमारे ७० हजार रहिवाशांवर सरासरी दहा वर्षे लक्ष ठेवून २००९ साली निष्कर्ष छापले, त्यांत जास्त किरणोत्सर्गामुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. सावकाश मिळालेली थोडी मात्रा शरीर बरीचशी दुरुस्त करून घेते, असे यावरून वाटते. तरी विनाकारण एकही एक्स-रे काढू नये हेच मी सांगेन.

हे सगळे लिहायचे कारण वेगळेच आहे. आमच्याकडच्या एका मावशींना गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग आहे. मुंबईला त्यांची 'लाईट', म्हणजे किरणोपचार, सुरू झाली. तीन वेळा घेऊन त्या घरी बसल्या. मुलगा मला म्हणाला, "डॉक्टर, ती जनावरे बघितली ना तुम्ही? आणि घरात लहान पोर आहे, आईजवळ झोपते." मावशींनी आपले ताट-वाटीही वेगळी केली होती.

मी त्यांच्यासमोर बॅटरी पेटवून भिंतीवर धरली आणि विझवली. विचारले, "मावशी, भिंतीवर उजेड उरला का?" मग सांगितले की चेर्नोबिलला उडाला तो गुलाल होता. अंगाला लागतो, पोटात जातो, दुसऱ्याला लागतो. बाहेरून यंत्राने दिलेली लाईट म्हणजे बॅटरी. यंत्र बंद झाले की अंगात काही उरत नाही. नातवाला खुशाल जवळ घ्या, ताटही एकच चालेल.

मात्रेबद्दल मी त्यांच्यापासून काही लपवले नाही. एका वेळची लाईट सुमारे २ ग्रे असते, म्हणजे केरळच्या त्या किनाऱ्यावर काही शे वर्षांत मिळेल एवढी. अशा सुमारे २५ घ्यायच्या असतात. सगळ्या अंगावर एकदम ४-५ ग्रे पडले तर उपचाराविना निम्मी माणसे दगावतात. पण इथे नेम धरून फक्त ओटीपोटात, रोज थोडी थोडी देतात. मधल्या वेळात चांगल्या पेशी आपली डागडुजी करतात, कर्करोगाच्या पेशींना ती तितकी जमत नाही. म्हणून खाडे चालत नाहीत. बाहेरची आणि आतून द्यायची अशी सगळी लाईट आठ आठवड्यांत पुरी व्हावी लागते. लांबली तर रोग आटोक्यात येण्याची शक्यता घटते. मावशींचे सहा दिवस बुडाले होते. सातव्या दिवशी त्या गेल्या. बुडालेले दिवस कसे भरून काढायचे ते तिथले डॉक्टर ठरवतात, आपण घरी हिशेब करू नये.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी एवढे पाहावे. अंगावर शाईने काढलेल्या खुणा पुसू नका. त्या जागी तेल, बाम, हळद विचारल्याशिवाय लावू नका. ओटीपोटावर लाईट घेताना जुलाब आणि लघवीला जळजळ होऊ शकते. जुलाब लागले तर मीठ-साखरेचे पाणी द्या आणि डॉक्टरांना कळवा, पण फेरी चुकवू नका. थायरॉईडसाठी किरणोत्सारी आयोडीन प्यायला दिलेल्या रुग्णाची गोष्ट मात्र निराळी. ते औषध काही दिवस अंगात राहते, म्हणून लहान मुले आणि गरोदर बाई यांच्यापासून किती दिवस लांब राहायचे ते इस्पितळातून लिहून घ्या आणि तेवढे दिवस ते पाळा.