पळाले नाहीत, थांबले

आजचे वाचन : प्रेषितांची कृत्ये 16:25-40



फिलिप्पै शहराच्या तुरुंगात पौल आणि सीला. पाठीवर छड्यांचे वळ, पाय खोड्यात. मध्यरात्री ते प्रार्थना करत होते, देवाची गीते गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. ही गोष्ट आपण संडेस्कूलपासून ऐकत आलोय. पण 37 वे वचन कधी नीट वाचलंय का? पौल म्हणतो की आम्हाला दोषी न ठरवताच चारचौघांत मारलं आणि आत टाकलं. म्हणजे आजच्या भाषेत दोघेही कच्चे कैदी!

भारतातल्या तुरुंगांतही दर चार कैद्यांपैकी साधारण तीन जण कच्चे कैदीच आहेत. त्यांचा गुन्हा अजून कोर्टात सिद्ध झालेला नाही. पापी तर आपण सगळेच. पण तुरुंगात सुवार्ता सांगताना आपल्या तोंडून 'आपण' ऐवजी 'तुम्ही' कधी निघतं, ते कळतही नाही.

पुढे भूकंप झाला, दारं उघडली, बेड्या गळून पडल्या. कैदी पळाले असं समजून तुरुंगाचा अधिकारी तलवार उपसून स्वतःचा जीव घ्यायला निघाला. पौलाने ओरडून त्याला थांबवलं. ज्याने आपले पाय खोड्यात अडकवले, त्याचाच जीव आधी वाचवला! मग त्या माणसाने स्वतःहून तारणाविषयी विचारलं (वचन 30), आणि तेव्हा पौलाने येशूचं नाव सांगितलं.

आधी काळजी, मग प्रश्न, मग वचन. हा क्रम लक्षात ठेवा. उपदेश लांबला तर आपण हळूच मोबाईल काढतो, उठून बाहेर जातो. कैद्याला तसं जाता येत नाही. म्हणून त्याचा नकार ऐकण्याची आपली तयारी हवी. आणि तो 'नको' म्हणाला, तरी पुढच्या वेळी त्याला भेटायला जायला हवं.

एक कबूल करतो. आमच्या ओळखीतला एक मुलगा आत गेला. मंडळीत त्याच्यासाठी प्रार्थना झाली, पण त्याच्या आईच्या शेजारी बाकावर कोणी बसेना. मीही बसलो नाही. तुरुंगसेवेच्या मोठमोठ्या गप्पा मारणारा मी, चार पावलं चाललो नाही.

इब्री 13:3 सांगतं की बंदिवानांची आठवण अशी ठेवा, जणू तुम्हीही त्यांच्यासोबत बांधलेले आहात. असं खरंच वाटलं, तर त्यांच्या घरच्यांपासून आपण लांब कसे बसू?

आज करून पाहा : ज्या घरातलं कोणी तुरुंगात आहे, त्या घरी एक फोन करा. उपदेश नको. "जेवलात का?" एवढंच विचारा.

प्रार्थना : प्रभु येशू, तूही बांधला गेलास. जे आत आहेत त्यांना तुझी सोबत दे, आणि बाहेर आलेल्यांसाठी आमच्या बाकावर जागा करायला आम्हाला शिकव. आमेन.