शेवया शिकायला आलेली बाई

‘मला काय धाड भरलीय?’ हे वाक्य ज्यांच्या घरात रोज ऐकू येतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझी आत्या अंबडला एकटी राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, पेन्शन स्वतःच्या सहीनं उचलणारी, कुणाचं मिंधेपण न पत्करणारी. मत्स्योदरी देवीच्या दर्शनाहून येताना ती गल्ली चुकू लागली, दूध करपू लागलं, तेव्हा आम्ही जालन्याहून एक बाई पाठवली. आत्यानं तिला चहा पाजून वाटेला लावलं. दुसरीवर चांदीचा करंडा चोरल्याचा आळ आला. करंडा गव्हाच्या डब्यात सापडला, पण बाई परत आली नाही. का यावं तिनं?

नातेवाइकांच्या मते हा हेकटपणा. डॉक्टरांनी सांगितलं ते निराळं होतं. स्मृतिभ्रंशात आपल्याला काही होतंय हे ओळखण्याची मेंदूची ताकदच पुष्कळदा जाते. तिच्या लेखी खरोखरच काही झालेलं नसतं. म्हणून ‘अगं, तू विसरतेस’ हे पटवायला जाऊ नका. भांडण ती विसरते, अपमान मात्र मनात राहतो.

तपासणी तरीही टाळू नका. आत्याला ‘बीपी, शुगर बघून येऊ’ म्हणून नेलं आणि तेही खरंच तपासलं. बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य यांनीही विसर पडतो, आणि त्यावर उपाय आहेत. माणूस एक-दोन दिवसांत एकाएकी बरळू लागला तर मात्र वयावर ढकलू नका. लघवीचा जंतुसंसर्गही असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घरच्यांचं डोकं भणाणलं तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. आपण एकटे नाही, हेही तेव्हा कळतं: २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज होता.

तिसरी बाई उन्हाळ्यात आली ती मदतीला नव्हे, शेवया शिकायला. गल्लीतलीच, तोंडओळखीची. आधी तासभरच, तेही मी सोबत असताना. आत्यातली मास्तरीण जागी झाली: ‘कणीक अशी मळतात होय?’ शेवयांमागून कुरडया, मग पापड, आणि पावसाळा लागेपर्यंत दोन्ही वेळचा स्वयंपाक ती बाई करत होती, आत्याच्या देखरेखीखाली. पगार आम्ही परस्पर देतो. माझ्या भावाला ही फसवणूक वाटते. मला नाही वाटत. बाईला हातशेवया खरंच येत नव्हत्या. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात स्मृती हरवलेला संस्कृत पंडित हत्तीमागं चालत जातो आणि माहुताची बायको त्याला सांभाळते. त्याची विद्वत्ता तिला ठाऊक नसते, त्याच्याकडून तिला काही आठवून घ्यायचं नसतं. घरच्यांना नेमकं तेच जमत नाही.

‘झोपेची गोळी देऊन टाका’ असा सल्ला देणारे भेटतील. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अशा गोळ्यांनी म्हातारी माणसं पडतात. गॅसची टाकी बाई जाताना बंद करते. आत्याच्या पिशवीत आमच्या फोन नंबरची चिठ्ठी असते.

कागदपत्रांची घाई मात्र करा. समज गेली की आधी केलेलं मुखत्यारपत्रही कायद्यानं संपतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. मृत्युपत्र, बँकेतलं नामनिर्देशन, सातबाऱ्यावरचे जुने घोळ हे सगळं समज शाबूत असताना उरका, नाहीतर कोर्टाची पायरी चढावी लागते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मानसिक आजारावरच्या उपचारांच्या निर्णयांसाठी आपला माणूस लेखी नेमून ठेवता येतो. नोव्हेंबरमधल्या हयातीच्या दाखल्यासाठी आजारी माणसाला बँकेच्या रांगेत उभं करायचीही गरज नाही, मोबाइलवर चेहरा दाखवून तो निघतो.

आणि बाईलाही माहेर असतं, आजारपण असतं. तिची जाऊ आतापासूनच अधूनमधून येऊन बसते, म्हणजे दिवाळीत घरात नवखा चेहरा नको. जावेला आत्या सध्या गणित शिकवते आहे.