भारताच्या इतिहासातील एक वर्ष : सन १८८२

वरच्या इयत्तांना इतिहास शिकविताना सनावळीचे पाठांतर करून घेण्याऐवजी एकच वर्ष निवडून त्यातील माणसे व घटना शेजारीशेजारी मांडून पाहाव्यात. यासाठी १८८२ हे वर्ष फार सोयीचे आहे.

या वर्षी मार्चमध्ये निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर निवर्तले. जुलैमध्ये कोल्हापूर प्रकरणी टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ याच वर्षी पुण्यात छापले गेले. बंगालमध्ये बंकिमचंद्रांची ‘आनंदमठ’ ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. १८ मे रोजी लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला. आपल्या जिल्हा परिषदा १९६२ साली स्थापन झाल्या असल्या, तरी त्यांची मुळे शोधताना या ठरावापाशी थांबावेच लागते.

परंतु शिक्षकाच्या दृष्टीने या वर्षातील सर्वांत मोलाची घटना निराळीच आहे. शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी स्त्रीशिक्षिकांची आणि स्त्रीडॉक्टरांची निकड मांडली. पुढे १९ ऑक्टोबर रोजी जोतीराव फुले यांनी आपले निवेदन दिले. टिळक-आगरकर त्या दिवशी अद्याप तुरुंगातच होते. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमांतून येतो, आणि तो खर्च होतो मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे जोतीरावांचे मुख्य गाऱ्हाणे. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. शिक्षक प्रशिक्षित असावेत व शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत. मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांबरोबर शेतीची तोंडओळख आणि आरोग्याचे धडे असावेत, असेही त्यांनी सुचविले. शिक्षकाचे वेतन बारा रुपयांहून कमी नसावे, मोठ्या गावी ते पंधरा किंवा वीस असावे, हा तपशीलही त्यांनी सोडला नाही. टपालाचे किंवा दस्तनोंदणीचे काम शिक्षकाकडे देऊन त्याचा जादा मोबदला द्यावा, ही सूचना वाचून आजचा शिक्षक थोडा हसेल; जादा कामे आली, मोबदल्याचे काय, असे तो विचारील!

आयोगाने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे सोपविण्याची शिफारस केली, पण सक्ती आली नाही. बडोदे संस्थानात सयाजीरावांनी ती १९०६ साली सर्वत्र लागू केली. गोखल्यांचे विधेयक १९१२ साली १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. चौदा वर्षांपर्यंतच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा देशभर अमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी.

फळ्यावर ही चार सालेच लिहावीत व मधली अंतरे मुलांकडून काढून घ्यावीत. शाळेचे जुने जनरल रजिस्टर उपलब्ध असल्यास त्यातील पहिली नोंद कोणत्या सालची, तीत मुली किती व पालकांचे धंदे कोणते, हेही मुलांना पाहू द्यावे.