हट्टी नव्हे, वेगळे मूल

हाक मारली तरी मूल वळून पाहत नाही, एका जागी बसत नाही, सिनेगॉगमध्ये शोफार वाजताच कान झाकून रडू लागते. अशा मुलास आपली मंडळी "हट्टी" म्हणतात व बोल आईला लावतात. आम्हांस वाटते, हा अन्याय आहे. ऑटिझम व एडीएचडी हे मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपण होय. ते लाडाने वा हयगयीने होत नाही. दोन्ही एकाच मुलात असू शकतात, हे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथाने २०१३ साली मान्य केले.

घरी एका वेळी एकच छोटी सूचना द्यावी. शब्बाथचा क्रम चित्रांनी दाखवावा: आधी दिवे, मग किद्दुश, मग जेवण. मलिद्याच्या गर्दीतून मुलास अधूनमधून बाहेर फिरवून आणावे. मराठी मात्र सोडू नये. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलांचे बोलणे आणखी मागे पडत नाही, असेच मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांना आढळले. मग आजीशी बोलण्याची वाट का बंद करावी?

येथे ऑन्टारियोत १९८० च्या कायद्याने विशेष शिक्षणाची सोय करणे सरकारी शाळामंडळांवर बंधनकारक झाले. पालकांनी लेखी मागणी केल्यास मुख्याध्यापकांस मुलाचे प्रकरण आयपीआरसी समितीपुढे ठेवावेच लागते. लोक काय म्हणतील या भीतीने ते पत्र लांबवू नये.

पेसाहच्या हग्गादातील चौथ्या मुलास प्रश्न विचारता येत नाही. म्हणून बोलण्याचा आरंभ वडिलांनीच करावयाचा असतो. आपल्या या मुलांसाठीही आरंभ आपणच करू या.