परमुलखात कामगार ठेवणाऱ्या भाच्यास पत्र



पत्र लिहिण्यास कारण की, दुबईच्या अल कूझ औद्योगिक भागात अॅल्युमिनियमच्या खिडक्या-दरवाजांचे वर्कशॉप काढण्याचा परवाना हाती आला असून फिटर, वेल्डर आणि हेल्पर यांची पहिली भरती चिपळूण-खेड भागातून करण्याचा चिरंजीवांचा बेत असल्याचे कळले. गाळ्याचे भाडे, यंत्रे, मालाची उधारी यांचा हिशेब बारकाईने मांडलेला दिसतो. माणसांचा हिशेब मात्र एजंटवर सोडलेला आहे, आणि परमुलखात धंदा मांडणाऱ्याचा पाय बहुधा तेथेच घसरतो.

आखाती देशांत परदेशी कामगाराची हमी मालकाने घ्यावयाची आणि त्या हमीवर कामगाराला देशात राहू द्यावयाचे, या पद्धतीला ‘कफाला’ म्हणतात. संयुक्त अरब अमिरातीत 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू झालेल्या कामगार कायद्याने, म्हणजे 2021 च्या 33 क्रमांकाच्या संघराज्य हुकूमनाम्याने, या पद्धतीची धार बरीच बोथट केली आहे. करार मुदतीचा असतो, ठरल्याप्रमाणे 30 ते 90 दिवसांची नोटीस देऊन कामगार नोकरी सोडू शकतो आणि दुसरीकडे जाऊ शकतो. तरीही त्याचा व्हिसा नोकरीशी बांधलेला राहतो, व्हिसा कॅन्सल झाला की नवे काम शोधण्यास किंवा परत जाण्यास थोडी मुदत उरते, आणि म्हणून मालकाने रागाच्या भरात उच्चारलेल्या ‘घरी पाठवीन’ या शब्दांचे वजन तेथे इथल्यापेक्षा कितीतरी अधिक पडते. कायद्याने आणि परिस्थितीने मिळून मालकाच्या हाती जेवढा अधिकार येतो, तेवढा सगळा न वापरणे हे परमुलखातील मालकाचे पहिले कर्तव्य मानले पाहिजे.

या अधिकाराचा सर्वांत वाईट वापर कामगार विमानात बसण्याआधीच होतो, म्हणून भरतीच्या पैशांकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. ज्यांच्या पासपोर्टवर ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’ असा शेरा असतो, म्हणजे साधारणपणे जे दहावी उत्तीर्ण नसतात, त्यांना अमिरातीत नोकरीसाठी जाताना 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली मंजुरी लागते. ती ई-मायग्रेट या सरकारी प्रणालीतून, उत्प्रवासी संरक्षक नावाच्या अधिकाऱ्याकडून मिळते, आणि त्याचे एक कार्यालय मुंबईत आहे. नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून घेता येणारे शुल्क 30,000 रुपये व त्यावरील वस्तू-सेवा कर एवढ्यापुरते मर्यादित आहे. अमिरातीचा कायदा याहून कडक असून भरतीचा खर्च मालकाने कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष वसूल करू नये, असे तो सांगतो. या दोन कायद्यांच्या मधल्या फटीत गावोगावचे उपएजंट उभे असतात. त्यांची नोंद कोठेही नसते, पावती ते देत नाहीत, आणि मर्यादेच्या कितीतरी पट रक्कम उचलून तिचा वाटा वरपर्यंत पोहोचवतात. बायकोचे दागिने गहाण टाकून आलेला वेल्डर पहिले काही महिने मालकासाठी राबत नाही, सावकारासाठी राबतो. तो ओव्हरटाइमला कधी नाही म्हणत नाही, हाताला झालेली इजा फोरमनपासून लपवतो, आणि ठरल्यापेक्षा कमी पगार हाती पडला तरी गप्प बसतो, कारण भांडून परत जाणे त्याला परवडत नाही. अशा माणसाचे गप्प बसणे म्हणजे समाधान, असे मालकाने कधीही समजू नये.

यावर उपाय खर्चाचा असला तरी सरळ आहे. एजंटचे संपूर्ण शुल्क, व्हिसा, वैद्यकीय तपासणी, तिकीट आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा हप्ता, जो दोन वर्षांना 275 व तीन वर्षांना 375 रुपये असून त्यात अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी 10 लाखांचे संरक्षण मिळते, हे सगळे वर्कशॉपच्या खात्यातून जावे. एजंटशी करार करताना ‘कामगाराकडून एक रुपयाही घेतल्याचे आढळल्यास तो परत करावा लागेल’ असे कलम घालावे, आणि निवड झालेल्या प्रत्येकाला तो निघण्यापूर्वी फोन करून किती पैसे कोणाला दिले हे विचारावे. घाई झाली म्हणून व्हिजिट व्हिसावर माणूस आणून कामाला लावण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये, कारण परवान्याविना कामावर ठेवणाऱ्या मालकाला 2024 च्या दुरुस्तीनंतर 1 लाख ते 10 लाख दिरहम दंड होऊ शकतो, आणि असा कामगार अपघातात सापडला तर त्याला कोणी वाली उरत नाही.

पगाराच्या मांडणीत लबाडी कशी शिरते, हे आकड्यांनीच स्पष्ट होईल. एकूण 2,400 दिरहम पगारात ‘बेसिक’ म्हणजे मूळ वेतन 1,000 दाखवून उरलेले 1,400 भत्त्यांत टाकता येतात, आणि कामगाराच्या हाती पडणारी रक्कम तीच राहते. परंतु नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी 21 दिवसांच्या मूळ वेतनाइतकी असते. त्यामुळे 1,000 च्या बेसिकवर पाच वर्षांनी 3,500 दिरहम मिळतात, तर तोच पगार 1,600 बेसिक धरून मांडला असता 5,600. ओव्हरटाइमचा दर, जो मूळ वेतनाच्या किमान सव्वापट आणि रात्री 10 ते पहाटे 4 या वेळेत किमान दीडपट असतो, त्यालाही हीच कात्री लागते. कायदा ही मांडणी अडवत नाही. ज्याला रात्री शांत झोप हवी आहे त्याने स्वतःच ती टाळावी.

कामगार देश सोडण्यापूर्वी त्याच्याकडून ऑफर लेटरवर सही घेण्याचा नियम 2016 पासून अमिरातीत आहे, आणि अरबी व इंग्रजीबरोबर ते हिंदी, उर्दू, मल्याळम, तमिळ, बंगाली अशा काही भाषांत उपलब्ध असते. मराठी त्या यादीत नाही. ज्याला हिंदी बोलता येते त्याला हिंदीतला करार वाचून समजतोच असे नाही, म्हणून बेसिक, भत्ते, कामाचे तास, वर्षाची 30 दिवसांची रजा आणि परतीचे तिकीट यांचा सोप्या मराठीत तक्ता करून तो जोडावा.

पगार बँकेमार्फत देऊन त्याची नोंद सरकारी ‘वेतन संरक्षण प्रणाली’त करावी लागते, आणि पगार थकला की मंत्रालय नवे परवाने थांबवते, तेव्हा निदान दोन महिन्यांच्या पगाराची रक्कम वेगळी ठेवूनच कामे घ्यावीत. पासपोर्ट ‘सांभाळण्यासाठी’ ऑफिसच्या कपाटात ठेवण्याचा रिवाज पुष्कळ ठिकाणी दिसतो. कायद्याने तो निषिद्ध आहे.

उन्हाविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी 12.30 ते 3 उघड्यावरचे काम बंद ठेवावे लागते. खिडक्या बसवणारी टोळी खोलीत उभी असली तरी चौकट इमारतीच्या बाहेरच्या अंगाने घट्ट करावी लागते, तापलेले अॅल्युमिनियम हातमोज्यातूनही चटका देते, आणि ‘हे तर आतले काम’ असे म्हणून फोरमन माणसे चढवू पाहतो. अशा वेळी ठेकेदाराची घाई कितीही असली तरी काम थांबवण्याचा अधिकार टोळीतल्या प्रत्येकाला आहे, हे मालकाने पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगावे.

शेवटची गोष्ट आपलेपणाची. कोकणातून आखातात जाण्याची रीत जुनी आहे, आणि गाववाल्यांवर विश्वास टाकण्यात काही गैर नाही. परंतु फोरमनही गावचा, एजंटचा माणूसही गावचा, आणि खोलीत आठजणही गावचे असले, तर तक्रार करणाऱ्याची बदनामी त्याच्या घरापर्यंत पोहोचते. म्हणून नेपाळी, पाकिस्तानी, बांगलादेशी कामगारही घ्यावेत, राष्ट्रीयत्वावरून भेदभाव करण्यास कायद्याने मनाई असल्याने त्याच कामाला तोच पगार द्यावा, आणि तक्रार ऐकण्यासाठी फोरमनखेरीज दुसरा माणूस नेमावा. चिरंजीवांनी एवढे करावे, की प्रत्येकाच्या घरी त्याच्या भाषेतला तक्ता पोहोचून त्याने एजंटला काही दिले नसल्याची खात्री होईपर्यंत एकही तिकीट काढू नये, मग वर्कशॉप महिनाभर उशिरा सुरू झाले तरी चालेल.