कंपवात आणि वाणी

वाणी हे व्यापाऱ्याचे आद्य भांडवल होय. भाव सांगणे, सौदा ठरविणे, उधारी मागणे, गिऱ्हाइकाचे समाधान करणे ही सर्व कामे जिभेवर चालतात. पेढीची पतही धन्याच्या शब्दावर उभी असते. हा शब्द क्षीण होऊ लागला म्हणजे घरची माणसे त्यास वय, थकवा अथवा विरक्ती अशी नावे देतात. पुष्कळदा त्याच्या मुळाशी मेंदूचा एक निश्चित विकार असतो. आयुर्वेद त्यास कंपवात म्हणतो. आधुनिक वैद्यकात तो पार्किन्सनचा रोग म्हणून प्रसिद्ध आहे. या रोगात हात कापतात हे सर्वांस ठाऊक असते; वाणी बदलते हे फारसे ठाऊक नसते. सबब प्रस्तुत लेखात त्याच अंगाचा विचार केला आहे.

रोगाची ओळख

लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली एक छोटा निबंध लिहून या रोगाचे प्रथम व्यवस्थित वर्णन केले. त्यात अवघे सहा रुग्ण होते आणि त्यांपैकी काही तर त्यांनी केवळ रस्त्यात पाहिलेले होते. पुढे पॅरिसचे शार्को यांनी रोगास पार्किन्सन यांचे नाव दिले. १९१९ साली त्रेत्याकोव यांनी रोगाचे मुख्य स्थान मेंदूत दाखविले. १९५७ साली स्वीडनचे कार्लसन यांनी डोपामिन या द्रव्याचे मेंदूतील महत्त्व सिद्ध केले. त्याबद्दल त्यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. १९६० मध्ये व्हिएन्ना येथे मृत रुग्णांच्या मेंदूंत हेच द्रव्य अत्यल्प असल्याचे आढळले, आणि रोगाचे कोडे बरेच उलगडले.

मेंदूत काय बदलते?

मध्यमेंदूत काळसर रंगाच्या पेशींचा एक लहान पट्टा आहे. या पेशी डोपामिन तयार करून मेंदूच्या गाभ्यातील हालचालींच्या केंद्रांस पुरवितात. कंपवातात याच पेशी मरत जातात व पट्ट्याचा काळा रंग फिकट होतो. उरलेल्या पेशींत प्रथिनाचे गोळे साचलेले दिसतात. ते १९१२ साली लेवी यांनी प्रथम वर्णिले. त्यांतील प्रथिन अल्फा-सिन्युक्लीन होय, हे १९९७ साली कळले.

लक्षणे स्पष्ट दिसू लागतात तोवर या पेशींचा फार मोठा हिस्सा नष्ट झालेला असतो. दुकान नेहमीसारखे उघडते, फळीवर माल दिसतो, पण आत मुद्दल खाल्ले जात असते, अशा पेढीसारखीच ही स्थिती असते. ब्राक यांनी २००३ साली मांडलेल्या विचारानुसार पुष्कळ रुग्णांत बिघाड मेंदूच्या खालच्या देठात व गंधाच्या केंद्रात सुरू होऊन वर सरकतो. वास न येणे, बद्धकोष्ठ होणे ही लक्षणे काही वर्षे आधी दिसतात, त्याचा अर्थ यावरून लागतो. प्रारंभी मेंदूचे साधे एम.आर.आय. चित्र बहुधा निर्दोष येते. तेवढ्यावरून रोग नाही असे समजू नये.

वाणीत काय बदलते?

डोपामिनच्या अभावी हालचाल आखूड होते. पाऊल आखूड पडते. अक्षर बारीक होत जाते. खतावणीतील ओळ ठसठशीत सुरू होऊन शेवटी मुंगीएवढी उरते. आवाजाचेही तसेच होते. छातीतून श्वास पुरेसा सुटत नाही, स्वरतंतू नीट जुळत नाहीत, आवाज हलका व घोगरा होतो आणि त्यातील चढउतार जातो. क, ट, प या स्पर्शवर्णांत जीभ वा ओठ पुरते टेकत नाहीत, म्हणून शब्द पुसट होतात. कोणी मध्येच अडतो, कोणी घाईने शब्दांवर शब्द लोटतो. दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत वाणीचा थोडाफार दोष आढळतो.

यात एक विलक्षण गोष्ट आहे. आपला आवाज बारीक झाला, हे रुग्णास स्वतःस जाणवत नाही. इतरांनाच ऐकू येत नाही, असे तो म्हणतो. हा हट्ट नव्हे. तराजूला पासंग असला म्हणजे प्रामाणिक हातानेही माप कमी भरते. तसे त्याच्या मेंदूतील आवाजाचे मापच चुकलेले असते. "जरा मोठ्याने बोला" असे सांगताच तो स्पष्ट बोलतो, यावरून शक्ती शिल्लक आहे हे सिद्ध होते.

काही रुग्णांस नेमका शब्द आठवण्यास विलंब लागतो आणि पुढील अवस्थेत स्मृती व विचारही मंदावू शकतात. परंतु आवाज खाली गेला म्हणून बुद्धी खाली गेली, असे मानणे हा अन्याय होय. चेहरा निश्चल, वाणी क्षीण, एवढ्यावरून वडीलधाऱ्यांना विचारल्यावाचून पेढीचे निर्णय होऊ लागतात, आणि रोगापेक्षा हे मौनच त्यांस अधिक खचविते.

उपाय

१९६१ साली व्हिएन्ना येथे लेव्होडोपा हे औषध रुग्णांस प्रथम देण्यात आले. १९६७ मध्ये अमेरिकेत कोटझियास यांनी ते तोंडावाटे मोठ्या प्रमाणात देण्याची रीत यशस्वी केली. हातापायांस त्याने मोठा गुण येतो. वाणीस मात्र त्या मानाने कमी. मेंदूत तार बसवून विद्युत् उत्तेजन देण्याची शस्त्रक्रिया कंप आवरते; पण काहींची वाणी तिने अधिक बिघडते.

म्हणून वाणीस निराळा व्यायाम हवा. १९८७ साली अमेरिकेत लोरेन रॅमिग व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी पद्धती सुरू केली. ली सिल्व्हरमन या रुग्ण स्त्रीचे नाव तिला दिलेले आहे. चार आठवड्यांत सोळा बैठकी, आणि सूचना एकच: मोठ्याने बोला. आवाज वाढला की श्वास, जीभ, ओठ यांच्या हालचालीही मोठ्या होतात.

आपल्या घरांसाठी

आपल्या परंपरेत स्वाध्यायाच्या पाच प्रकारांत आम्नाय, म्हणजे शुद्ध उच्चारांसह पाठ, सांगितला आहे. वाणीतज्ज्ञांच्या सल्ल्याने रुग्णाने आपला नित्यपाठ मोठ्याने म्हटल्यास धर्म व व्यायाम दोन्ही साधतात.

दुसरी गोष्ट औषधाच्या वेळांची. लेव्होडोपाचा परिणाम काही तासांचाच असतो. ते एकाएकी बंद केल्यास जिवावर बेतू शकते. यास्तव पर्युषणातील उपवास किंवा चौविहार यांचा विचार डॉक्टर व गुरुमहाराज या दोघांशी आधी करावा. डाळ, दूध यांसारख्या प्रथिनयुक्त आहाराबरोबर हे औषध कमी शोषले जाते, हेही ध्यानी ठेवावे. खाजकुहिलीच्या बियांत हेच द्रव्य असल्याचे भारतीय संशोधकांनी १९३७ सालीच दाखविले. तथापि त्याची मात्रा अनिश्चित असल्यामुळे चूर्ण आपल्या मनाने घेऊ नये. जेवताना वारंवार ठसका लागल्यास डॉक्टरांस त्वरित सांगावे. अन्नकण फुप्फुसात जाणे धोक्याचे असते. सही बदलू लागताच बँकेत नवीन नमुना द्यावा.

आणि शेवटचे, पण सर्वांत सोपे: रुग्णाशी समोर बसून बोलावे, रेडिओ-टीव्ही बंद करावा, त्याचे वाक्य आपण पुरे करू नये. ज्यांच्या शब्दावर पेढी उभी राहिली, त्यांचा शब्द ऐकण्यासाठी थोडे थांबणे, हे ऋण फेडण्याचाच एक मार्ग होय.